तेलाला स्वभाव असतो का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली.

दालचिनी, लवंग, बोळ (एक कडवट सुगंधी राळ) आणि उदाच्या अभिषेकी तेलाला मी माझ्या लेखात 'उबदार' म्हटलं आणि त्यातून 'कमी बोलणारी, पण आली की लोक सरकून जागा देतात अशी बाई' उभी केली. यावर तुम्ही लिहिलंत, "वासाला ना तापमान असतं ना स्वभाव, ही जाहिरातीची भाषा झाली. शिवाय असलं तेल थेट मनगटावर लावा म्हणणं बेजबाबदार आहे."

शेवटचा मुद्दा आधी, कारण तिथे चूक माझीच आहे. दालचिनीच्या सालीच्या तेलात मुख्यतः सिनामाल्डिहाइड नावाचं रसायन असतं आणि त्याने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ते ०.००१ टक्क्याहून जास्त असेल तर युरोपीय संघात लेबलवर त्याचं नाव छापावं लागतं. लवंगेतल्या युजेनॉललाही हाच नियम आहे. मूळ लेखातलं ते वाक्य काढून टाकलंय.

उबेबाबत मात्र मी हटणार नाही. १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीचा तिखटपणा ओळखणारा ग्राही (मज्जातंतूवरचं संवेदना टिपणारं प्रथिन) शोधला, टीआरपीव्ही-१. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णताही तोच ओळखतो. या कामासाठी त्यांना २०२१च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. युजेनॉल हाच ग्राही चाळवतं. म्हणजे थर्मामीटर हलत नाही हे खरं, पण मज्जातंतू मेंदूला कळवतात ते 'गरम' असंच. मसालेदार वासाला ऊबदार म्हणणारा माणूस अगदीच अलंकारिक बोलत नसतो.

आता ती बाई. माणसाचा स्वभाव तरी आपण कशावरून ओळखतो? तो येतो कसा, किती जवळ उभा राहतो, जातो कधी, यावरूनच ना? अल्कोहोलचं अत्तर फवारलं की अल्कोहोल उडतं आणि जाताना वास खोलीभर पसरवतं. जड तेल उडत नाही, त्यामुळे वास अंगाजवळच राहतो. जवळ याल तर कळेल, नाहीतर नाही. आधी लवंग नाकात टोचते. मग दालचिनीचा गोडवा वर येतो. लवंग बरीचशी ओसरली की बोळ उरतो, कडवट, किंचित औषधी, आणि तो तासन्‌तास बसून राहतो. सुरुवातीला तिखट, नंतर मऊ, शेवटी गंभीर, आणि सगळं हळू आवाजात. बोळ शेवटी उरतो तो रेणूंच्या वजनामुळे आणि बाष्पशीलतेमुळे, म्हणजे ते किती लवकर उडतात त्यामुळे. बाई माझी, क्रम तेलाचा.

अशा तेलाला दबदबा चिकटला तो आजचा नाही. बायबलच्या निर्गम ग्रंथातल्या ३०व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची कृती वजनासकट आहे. बोळ ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेत २५०, तज ५०० आणि ऑलिव्हचं तेल. पुढे ताकीदही आहे, हे सामान्य माणसाच्या अंगावर ओतू नये आणि याची नक्कल करू नये. (घरी बसून असली तेलं घोटणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचताना जरा चोरट्यासारखं होतं.)

आणि तुमचं जे मनापासून पटलं ते हे की माझी बाई तुम्हाला भेटेलच असं नाही. युजेनॉल दातांच्या उपचारातही वापरतात. दाढेच्या दुखण्याने जागून काढलेली रात्र ज्याच्या आठवणीत आहे, त्याला या तेलात कुणी रुबाबदार बाई दिसणार नाही, दवाखान्यातली ती मागे झुकणारी खुर्ची दिसेल. लेखात मी 'हे तेल म्हणजे' असं लिहिलं होतं, तिथे 'मला' हा शब्द हवा होता. तो आता घातलाय.

वापरून बघणार असाल तर आधी साध्या तेलात भरपूर पातळ करा, कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावा आणि निदान दोन दिवस वाट पाहा. चुरचुरलं किंवा लाल झालं तर सोडून द्या. काही झालं नाही, तर पुन्हा एक थेंब लावा आणि तासाभराने वास घेऊन तुम्हाला कोण भेटलं ते कळवा. दंतवैद्य निघाला तरी चालेल.