एक रुपयाचं काम नाही

जुनी गाडी घ्यायला निघालाय? छान. मग मेकॅनिकला अजिबात बरोबर नेऊ नका. तो उगाच बॉनेटमध्ये डोकं घालतो, गुडघे टेकून खालून बघतो, नुसतं 'हं' म्हणतो आणि विकणाऱ्या भल्या माणसाचा मूड घालवतो. त्यापेक्षा मेहुण्याला न्या. मी नेलं होतं. त्याने चारही टायरांना एकेक लाथ मारली, एक दार धाडकन लावून आवाज ऐकला, मान डोलावली आणि म्हणाला, "दाजी, डोळे झाकून घ्या." मी तशीच घेतली. तीन लाख पंच्याऐंशी हजारांना.

विकणारा जे सांगेल त्यावर शंका घेऊ नका. 'डॉक्टरची गाडी आहे, घर ते क्लिनिक एवढीच फिरली.' पुण्यात विकायला निघालेल्या डॉक्टरांच्या गाड्या मोजल्या, तर शहरात पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त भरतील. आमच्या डॉक्टरांच्या मीटरवर 41,000 किलोमीटर होते. क्लचच्या पेडलवरचं रबर मात्र पायपुसण्यासारखं गुळगुळीत झालेलं, आणि स्टिअरिंगवर हाताच्या जागी साबणासारखी चकाकी. मीटर मागे फिरवता येतो, पेडल मागे फिरवता येत नाही. पण आपण कशाला पेडलकडे बघतोय? डॉक्टर असेल पायाने जड.

गाडी बघायला फोन करून, वेळ ठरवून जा. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा इंजिन आधीच सुरू असेल. "तुमच्यासाठीच गरम करून ठेवलीय साहेब." जणू चहाच आहे! रात्रभर थंड पडलेलं इंजिन सुरू केलं की ते सगळं ओकतं. ऑइल जळत असेल तर निळसर धूर येतो, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत जात असेल तर पांढरा धूर येतो तो थांबतच नाही. ऑइल वर पोचेपर्यंत पहिले काही सेकंद वरून खडखड ऐकू येते, बॅटरी मेलेली असेल तर तीही तेव्हाच कळते. गरम इंजिन यातलं बरंचसं गिळून बसतं. म्हणून पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवून बघणं हा फार मोठा अपमान आहे. करू नका.

टायरवर चार आकडे असतात, ते वाचू नका. 3219 म्हणजे टायर 2019 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला, हे कळून झोप उडेल.

टेस्ट ड्राइव्ह कॉर्नरपर्यंतच घ्या. एजंट शेजारी बसून गाणी लावेल, आवाजही वाढवेल. सस्पेन्शनमधून खटखट आलीच तर तो म्हणेल, "रस्ता खराब आहे हो." यावर वाद घालायला पुण्यात जागाच नाही. गाडी खटखटतेय की महापालिका, हे सांगणारा मेकॅनिक अजून जन्माला आलेला नाही.

विम्याची जुनी पॉलिसी मागू नका. पाच वर्षं एकही क्लेम न केलेल्या माणसाचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, 50 टक्क्यांवर गेलेला असतो. 'एक ओरखडा नाही' म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर तिथे शून्य दिसलं, तर तुम्हालाच कानकोंडं होईल.

आता वासाचं. आमच्या गाडीत तीन परफ्यूम होते. एक आरशाला लटकलेला, एक एसीच्या जाळीवर, एक डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी. मेहुणा म्हणाला, शौकीन माणूस दिसतोय. मलाही तसंच वाटलं. मोगरा, लिंबू आणि आणखी काहीतरी निळ्या रंगाचं. मग पाऊस सुरू झाला, काचा बंद झाल्या आणि एसी लावला की गाडीत ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. बायको म्हणाली, डब्यातलं काही सांडलंय का बघ.

गेल्या रविवारी पुतणीचा साखरपुडा होता. काका मागे बसले. काका अंगाने भरलेले, आणि एक्स्प्रेस-वेवर जायचं म्हणून मागेही पट्टा लावायचा हा त्यांचा आग्रह. पट्टा पुरेना, म्हणून त्यांनी तो शेवटपर्यंत ओढला. जो भाग कुणी कधी बाहेर काढलाच नव्हता, तो बाहेर आला. खोपोलीच्या अलीकडे काका खाली उतरले, तेव्हा पांढऱ्याशुभ्र झब्ब्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत मातीचा तिरका पट्टा उमटलेला. हार घातलेल्या पुढाऱ्यासारखे दिसत होते. कोरडा, बारीक, राखेसारखा गाळ.

सोमवारी गॅरेजमध्ये गेलो. स्टेपनी उचलली, तिच्या खाली तसाच गाळ, वर एक पिंपळाचं पान. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून लाल. डॅशबोर्डखाली हात घालून मेकॅनिकने वायरींचा एक कनेक्टर सोडवला तर पितळेवर हिरवं शेवाळ चढल्यासारखं. मग त्याने मला हेडलाइटजवळ वाकायला लावलं. काचेच्या आत एक पुसट आडवी रेघ होती. पानशेतच्या पुराची खूण आमची आजी नदीकाठच्या वाड्यावर दाखवायची, "इथपर्यंत आलं होतं." ते 1961 होतं. ही खूण मी तीन लाख पंच्याऐंशी हजार मोजून घरी आणली होती.

2019 च्या सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा गाड्या वाहून एकमेकींवर चढलेल्या आपण सगळ्यांनी बघितल्या. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकता नगरीत माणसं पहाटे पार्किंगमध्ये बघायला गेली, तर तिथे गाड्यांऐवजी तळं होतं. त्या गाड्यांचं पुढे काय झालं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला? मलाही नाही पडला. गाडी पुरती बुडाली की विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, धरते, आणि ती भंगाराच्या भावात लिलावात निघू शकते. तिथून कुणीतरी ती उचलतो, गालिचे धुतो, सीट उन्हात टाकतो, तीन परफ्यूम लावतो. माझी कुठल्या पुरातली हे मला माहीत नाही. एजंटला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, पावसात गाड्या भिजणारच."

भिजणारच! छत्री भिजते हो. गाडीची वायरिंग बुडते. बुडलेली वायरिंग लगेच मरत नाही, महिनोन्‌महिने आतून सडत राहते. आज काच वर होत नाही, उद्या वायपर थांबतो, परवा गाडी हायवेवर मधल्या लेनमध्ये बंद पडते. आणि एअरबॅगचा दिवा! किल्ली फिरवली की तो लागायला हवा आणि काही सेकंदांत विझायला हवा. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता. मी खूश होतो, की बघा, एकही वॉर्निंग नाही. मेकॅनिकने पॅनेल उघडलं. दिवाच काढून टाकलेला. एअरबॅग कधी फुगवायची हे ठरवणारा मॉड्यूल बहुतेक गाड्यांत बसलेला असतो गिअरच्या खाली, मधोमध, म्हणजे पाणी आलं की आधी तोच बुडणार. तो मेलाय हे कुणाला तरी माहीत होतं, आणि त्या माणसाने स्क्रूड्रायव्हर घेऊन, बसून, शांतपणे तो दिवा काढला.

अहो, त्या सीटवर माझी मुलगी बसते. आठ वर्षांची. तुम्हाला दहा-वीस हजार जास्त हवे होते तर मागायचे होते, मी घासाघीस करून दिलेही असते. दिवा काढायला हात कसे धजले? परत देवासमोर उदबत्ती लावून दुकान उघडता. तुम्हाला लाज कशी नाही वाटत?

आणि तुम्ही, वाचणारे. हसू नका. पट्टा शेवटपर्यंत ओढायला पाच सेकंद लागतात. स्टेपनी उचलायला एक मिनिट. मेकॅनिक हजार रुपये घेईल, तर द्या ना. एका वेळच्या हॉटेलच्या बिलाएवढे आहेत ते. नंबर टाकून मालक किती झाले, कर्ज फिटलंय का, चलनं किती थकली आहेत, हे फोनवर दिसतं. तेही मी बघितलं नाही. का? तर समोरचा माणूस घरचा वाटला, चहा पाजला, "एक रुपयाचं काम नाही गाडीला" म्हणाला. त्या एका रुपयाचं एस्टिमेट आता 92,000 आलंय, एअरबॅग धरून नाही.

काल मेहुण्याचा फोन आला. "दाजी, एक गिऱ्हाईक आहे, शनिवारी बघायला येतो म्हणतोय. तेवढं आतून क्लीनिंग करून घ्या, आणि सकाळी अर्धा तास आधी सुरू करून ठेवा." त्याला मी जे बोललो ते इथे लिहिता येत नाही.