दंड करून काय होणार?

लेखात म्हटलंय की ठरलेल्या गटापेक्षा वजन जास्त भरलं तर बॉक्सरचे पैसे कापा आणि फाइट होऊ द्या, मला हे अजिबात पटत नाही. २०१८ ला टोकियोत मेक्सिकोचा बॉक्सर लुईस नेरी ११८ पौंडाच्या फाइटला १२१ भरला, त्याचं टायटल वजनकाट्यावरच गेलं तरी फाइट झाली, आणि समोरचा जपानी बॉक्सर यामानाका दुसऱ्याच राउंडला आडवा, तिथंच त्याचं करिअर संपलं ओ! जपानने नेरीला बंदी घातली ते बरोबरच केलं (२०२४ ला त्यांच्या बॉक्सर इनोएशी फाइट व्हावी म्हणून उठवली, ते मला नाही आवडलं).

पण दुसरी बाजूपण बघा. आमच्या सांगलीत तालमीतला भाचा वजनाच्या आदल्या दिवशी घाम काढून वजन उतरवायला रेनकोट घालून आयर्विन पुलावर पळत होता, ओठ फुटलेले, पाणी नुसतं चूळ भरून थुंकायचा, मला बघवेना. असं सुकलेलं पोरगं डोक्यावर ठोसे खाणार? म्हणून महिनाभर आधी एकदा, आठवडा आधी एकदा वजन बघायचंच, डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) बघतं तसं, आणि लय जास्त असेल तर तेव्हाच वरच्या गटात पाठवा, नाहीतर फाइट कॅन्सल. तिकिटं परत द्यावी लागली तरी चालेल.