स्टीव्ह करचं नाव घेऊन फिरणारा मेसेज खोटा आहे

कोल्हापुरात बास्केटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अमेरिकन खेळाडू आणि नंतर कोच झालेल्या स्टीव्ह करबद्दल एक मेसेज फिरतोय: 'स्टीव्ह कर जन्मभर बेंचवर बसला म्हणून चांगला कोच झाला. त्यात टीम आयती मिळाली. मोठे खेळाडू कोच म्हणून फेलच जातात.' मी तो सोडून दिला असता. पण शाळेच्या टीमला कोच ठरवताना लोक हाच मेसेज पुढे करतात आणि चांगलं खेळलेल्या पोरींना 'शिकवणं तुझं काम नव्हे' असं ऐकावं लागतं. याचा मला राग येतो.

जन्मभर बेंचवर? ९१० सामन्यांपैकी फक्त ३० वेळा तो सुरुवातीच्या पाचांत होता, हे खरं. पण थ्री-पॉइंटरमधली, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फेकीतली, त्याची ४५.४ टक्के अचूकता एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात सर्वांत वरची आहे. १९९७च्या फायनलच्या सहाव्या सामन्यात, बरोबरी असताना, मायकेल जॉर्डननं पास दिला तो त्यालाच. त्या बास्केटनं त्यांच्या शिकागो टीमनं विजेतेपद मिळवलं. खेळाडू म्हणून त्याची अशी पाच विजेतेपदं आहेत, तीही फिल जॅक्सन आणि ग्रेग पॉपोविच या दोन कोचांच्या हाताखाली. शिकला तो तिथं.

टीम आयती मिळाली, हे निम्मं खरं. तो गोल्डन स्टेट वॉरियर्स या टीमचा कोच झाला तेव्हा करी, थॉम्पसन, ग्रीन हे तगडे खेळाडू तिथं आधीपासून होते. पण त्याच वॉरियर्सनी आदल्या मोसमात ५१ सामने जिंकले होते. स्टीव्ह आल्यावर, २०१४-१५मध्ये, ६७ जिंकले आणि विजेतेपदही. पासिंगमध्ये लीगच्या तळाला असलेली टीम त्यानं चेंडू फिरवायला लावली. वॉरियर्सचा खेळाडू आंद्रे इग्वाडाला तोवर प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून खेळत आला होता. त्याला राखीव बसायला राजी केलं. मग फायनलमध्ये १-२ मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात त्यालाच सुरुवातीला उतरवलं. तिथून एकही सामना हरले नाहीत आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वाडाला. ही युक्ती एका तरुण सहायकाची होती आणि स्टीव्हनं ते श्रेय पत्रकारांसमोर त्यालाच दिलं. याला आयतं म्हणायचं?

मोठे खेळाडू फेल जातात म्हणे. एनबीएचेच दिग्गज खेळाडू बघा. बिल रसेलनं १९६८ आणि १९६९ची विजेतेपदं स्वतः खेळत, स्वतःच कोच असताना जिंकली. लेनी विल्किन्स हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, आधी खेळाडू म्हणून गेला, मग कोच म्हणून. लॅरी बर्ड पहिल्याच मोसमात, १९९८ला, वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरला. मॅजिक जॉन्सनला कोच म्हणून १६ सामन्यांत पाचच विजय मिळाले, मान्य. पण एकट्या मॅजिकवरून नियम होत नाही.

लांब कशाला जायचं? आपल्या तालमीतला वस्ताद आधी स्वतः लाल मातीत लढलेला असतो. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये रायफल नेमबाजीचं ऑलिम्पिक ब्राँझ जिंकलं, त्याच्या कोच दीपाली देशपांडे. त्या २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये स्वतः रायफल घेऊन उतरल्या होत्या. या मेसेजच्या हिशेबानं त्यांनी शिकवायलाच नको होतं.