वर डॉक्टर बसवून काय होतं?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या आरोग्य विम्यातल्या कॅशलेसचा विषय पेटलाय. डिस्चार्ज झाला तरी टीपीएची (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची) मंजुरी येईपर्यंत पेशंट खाटेवर अडकून. त्यात २०२५च्या अर्थसंकल्पात विम्यातली परकीय गुंतवणूक ७४वरून १०० टक्क्यांवर नेण्याची घोषणा झाली, तेव्हापासून एका काकांचं ठाम मत आहे: अमेरिकन कंपन्या येऊ द्या, आणि वर बाबू नको, डॉक्टर बसवा.

काका, मी राहतो त्या अमेरिकेतल्या मिनेसोटात हा प्रयोग होऊन गेलाय.

विल्यम मॅग्वायर हे फुप्फुसांचे डॉक्टर. कोलोरॅडोत प्रॅक्टिस केली, मग एका आरोग्य योजनेचा कारभार पाहिला, १९८८ला युनायटेडहेल्थ या मिनेसोटातल्या आरोग्य विमा कंपनीत आले आणि १९९१ला प्रमुख झाले. माणूस हुशार, फुलपाखरांचा गाढा अभ्यासक. फ्लोरिडातल्या विद्यापीठात त्यांच्या नावाचं फुलपाखरांचं संशोधन केंद्र आहे. १९९९मध्ये त्यांच्या कंपनीनं जाहीर केलं की उपचाराचा शेवटचा निर्णय डॉक्टरचाच, कंपनीची पूर्वमंजुरी नको. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या.

पण बक्षिसी ठरत होती शेअरच्या भावावर. २००५च्या अखेरीस त्यांच्या हाती असलेल्या स्टॉक ऑप्शन्सची (ठरलेल्या भावानं शेअर घेण्याच्या हक्कांची) किंमत दीड अब्ज डॉलरच्या वर होती. त्यातले कित्येक ऑप्शन्स मागची तारीख टाकून, भाव पडलेला दिवस निवडून दिल्याचं चौकशीत दिसलं. २००६मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. पुढच्या वर्षी, आरोप मान्य वा अमान्य न करता, त्यांनी सुमारे ४६.८ कोटी डॉलरवर तडजोड केली. आणि पूर्वमंजुरी? ती आजही या देशातल्या पेशंटांच्या आणि डॉक्टरांच्या डोक्याला ताप आहे.

त्यांना खलनायक ठरवण्यात मला रस नाही. त्या खुर्चीत बसलेल्याला बाजार दर तिमाहीला एकच विचारतो: हप्त्यातले किती उरले? त्याला लगाम घातला तो अमेरिकेतल्या २०१०च्या कायद्यानं: हप्त्यातले किमान ८० टक्के, मोठ्या गटांसाठी ८५, उपचारांवर आणि दर्जा सुधारण्यावर गेले पाहिजेत, नाहीतर फरक ग्राहकाला परत. यालाही पळवाट आहेच म्हणा. विमा कंपनीनं दवाखाने विकत घेतले की स्वतःच्याच दवाखान्याला दिलेले पैसेही उपचारखर्चात धरले जातात.

भारतातही रुग्णालय आणि विमा एका छताखाली येऊ लागलेत. बंगळुरूच्या नारायणा हेल्थला २०२४मध्ये विम्याचा परवाना मिळाला. त्यातून स्वस्त उपचार मिळतीलही. विमा नियामक आयआरडीएआयनं २०२४मध्ये कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्या असं बजावलं, तेही योग्यच. पण काकांच्या पॉलिसीतल्या शंभर रुपयांतले किमान किती उपचारावर जायलाच हवेत, आणि क्लेम नाकारणाऱ्याचा बोनस कशावर ठरतो, याची चर्चा मला ग्रुपवर अजून दिसलेली नाही. प्रमुख डॉक्टर आहे की एमबीए, हे त्यानंतर बघू.