पैसे देऊन जाम केलेली सायकल

पाय थांबले तरी चाक फिरू देणारं मागचं चक्र म्हणजे फ्रायव्हील. ते जाम झालेली सायकल दुकानात नेली, तर सायकलवाला दोन थेंब तेल सोडतो, चार टोले हाणतो आणि ते फिरतं करून देतो. उत्तम फिरणारं फ्रायव्हील नेऊन ‘हे कायमचं जाम करून द्या’ म्हटलं, तर तो आधी सायकलकडे बघतो, मग आपल्याकडे. दोघांपैकी बिघाड कुठे आहे ते त्याला कळलेलं असतं.

फिक्स्ड गिअर म्हणजे एवढंच: मागचं दातेरी चक्र, म्हणजे कॉग, हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला पक्का. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर आपण. व्हेलोड्रोमवर, म्हणजे शर्यतींच्या बंदिस्त गोल धावपट्टीवर, धावतात त्या सायकली अशाच, शिवाय त्यांना ब्रेक नसतो. जपानमध्ये केइरिनच्या शर्यतींवर १९४८ पासून लोक पैसे लावत आले आहेत, पण तिथे वळणावर उलट्या दिशेनं रिक्षा येत नाही.

तयार फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल, महाग, म्हणून आपण जुन्या बाजाराकडे वळतो. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो. गिअरची सायकल स्वस्तात दिसली तरी मोह आवरा. तिच्या मागच्या एक्सलची खाच बहुधा उभी असते, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येत नाही. चेन ताणणारी स्प्रिंगची चक्रीही इथे कुचकामी, कारण पाय मागे दाबला की ताण चेनच्या खालच्या बाजूला येतो आणि ती चक्री उखडून निघते. आपल्याला हवी काळी, जड, दूधवाल्याची सायकल. तिची खाच आडवी असते. चेन अर्धा बाय अष्टमांश इंचाची, म्हणजे हवी तीच. वजनाबद्दल बोलू नये.

आता हब. सगळी काटकसर इथे येऊन फसते, म्हणून जरा थांबतो. साध्या हबवर फ्रायव्हील चढतं ते १.३७ इंच व्यासाच्या आट्यांवर, इंचाला २४ आटे. फिक्स्ड कॉगचेही आटे तेच. म्हणजे कॉग तिथे बिनबोभाट बसतो, आणि बसतो म्हणजे झालंच असं वाटणं इथूनच सुरू होतं. पायडल पुढे मारलं की कॉग आवळला जातो, वेग कमी करायला पाय मागे दाबले की तोच कॉग सुटायला बघतो. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर कॉगच्या बाहेर लहान व्यासाचे आणखी आटे असतात, उलटे, डाव्या पायडलला असतात तसे. त्यावर लॉकरिंग बसते. कॉग सुटायला निघाला की तो ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं लॉकरिंग आवळली जाते. ज्यानं कुणी हे सुचवलं असेल त्याच्यासाठी मी पुढचा चहा सांगायला तयार आहे.

काटकसरीचे लोक यावर तीन उपाय सांगतात. पहिला, साध्या हबवर कॉग आणि बाहेरून बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलच्या एक्सलच्या नळीची, जुनी रिंग. तिचे आटे सरळच असतात, त्यामुळे कॉग सुटतो तेव्हा रिंगही त्याच्याबरोबर सुटते. दोघं जोडीनं निघतात. दुसरा, फ्रायव्हीललाच आतून वेल्डिंग. पण ते फ्रायव्हील हबवर आट्यांनीच बसलेलं असतं, तेव्हा जाम झालेलं आख्खं फ्रायव्हील उतारावर सुटतं. तिसरा, कॉग थेट हबला वेल्ड करणं. स्टीलच्या हबला तो चिकटतो खरा, पण उष्णतेनं छर्र्यांचा कप बिघडतो आणि दात झिजले की चाकच बदला. फ्रेम, रंग, सीट, हँडल, सगळं भंगारातून आणा. हब नवा घ्या.

नवा हब आणला की गणित सुरू. जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या रिमला बहुधा ३२ भोकं असतात आणि मागच्या रिमला ४०. ट्रॅक हब मिळतो ३२ किंवा ३६ भोकांचा. म्हणून ३२ चा हब घ्या आणि मागेसुद्धा पुढच्या चाकाचीच रिम वापरा. स्पोकांची लांबी नव्यानं काढा. घरातले जुने स्पोक खपवायला गेलात तर ते निपलमध्ये अपुरे राहतील किंवा ट्यूबमध्ये डोकावतील. एक्सल १० मिलिमीटरचा असतो, तो खाचेत अडला तर कानस हळूच चालवा. हबची रुंदी १२० मिलिमीटर, फ्रेम त्याहून अरुंद निघते; स्टीलची असल्यानं ती थोडी ताणली जाते. चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, मात्र अनुभवी माणसाकडूनच काढून घ्या.

कॉगला ग्रीस लावा, हातानं बसवा, वर लॉकरिंग. मग पुढच्या ब्रेकच्या भरवशावर एखादा चढ जोर लावून चढा, पाय मागे न दाबता. कॉग आणखी आत बसतो आणि लॉकरिंग सैल पडते. ती हुक पान्यानं पुन्हा आवळा. छिन्नी-हातोडीनंही आवळली जाते, पण पुढच्या वेळी पाना लागायला खाचाच उरत नाहीत.

दात मोजायला विसरू नका. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.४ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे तासाला १९-२० किलोमीटर, अगदी सुखाचं. तीच सायकल चांदणी चौकातून कोथरूडकडे उतारानं ४० च्या वेगानं निघाली की पाय मिनिटाला १२० हून जास्त फेऱ्या मारतात, आणि तेव्हा आपलं मत कुणी विचारत नाही. पुढे ४८, मागे १६ असा नीटनेटका भागाकार टाळा. पाय रोखून चाक घसरवलं तर दर वेळी टायरचा तोच एक तुकडा रस्त्यावर घासतो. ४४-१८ ला नऊ जागा वाटून घेतात, ४४-१७ ला सतरा. शाळेत अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप का देतात, ते इथे टायरच्या खर्चात कळतं.

चेन मधोमध अर्धा इंच वर-खाली हलली पाहिजे. पण जुनं चेनव्हील पूर्ण गोल नसतं. क्रँक फिरवत चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथे माप घ्या. सैल जागी माप घेतलंत तर ताठ जागी छर्रे ओरडतील. चेन पुसताना सायकल उलटी करून चाक फिरवू नका. चेन आणि दातांमध्ये बोट गेलं तर चेन थांबू द्यायला फ्रायव्हील नाही. चाक थांबवून खालच्या बाजूची चेन वीतभर पुसायची, थोडं सरकवायचं, पुन्हा पुसायची.

कॉटर पिन, म्हणजे क्रँक एक्सलला पक्की धरणारी खुंटी, हे वेगळंच प्रकरण. साध्या सायकलवर जोर एकाच दिशेनं येतो, इथे दोन्हीकडून. सैल पिन ‘टक्‌-टक्‌’ करते, लोक नट आवळतात. नट पिनला फक्त धरून ठेवतो. बसवायची ती ठोकून, क्रँकला खालून टेकू देऊन. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं.

पुढचा सळईचा ब्रेक काढू नका, दिसायला कितीही आजोबांचा असला तरी. या रिमच्या कडा गोलसर असतात, त्यामुळे बाजूनं दाबणारा आधुनिक ब्रेक तिला पकडतच नाही. पावसात क्रोमच्या रिमवर हा ब्रेकही जेमतेम लागतो, हेही लक्षात असू द्या.

एवढं जमलं की चढायचं. टांग मारून चढायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय इथे मोडते. डावा पाय पायडलवर ठेवून सायकल ढकलली की पायडल खाली जाऊन वर येतं आणि आपण टांगेच्या अर्ध्यात. सायकल हातात धरून चालतानाही पायडल फिरत राहतं आणि पोटरीवर टोले देतं. सिग्नलला पायडल हव्या त्या जागी आणायचं तर मागचं चाक उचलून फिरवा. मागचे हॉर्न वाजवतात. वळणावर सायकल फार कलवली की आतलं पायडल रस्त्याला टेकतं. गतिरोधकावर पाय आडवे ठेवून उभं राहायचा विचार असेल, तर तो पायडलला आधी कळवायला हवा. धोतर, पायजमा, ओढणी चेनमध्ये गेली तर थांबा म्हणून उपयोग नाही, चेनकव्हर ठेवा. आणि सुरुवातीचे काही दिवस पाय थांबवायची सवय उफाळून येईल. पाय थांबतो, पायडल थांबत नाही, आणि गुडघा सीटवरून उचलून देतो.

हब घेताना दोन्ही बाजूंना आटे असलेला घ्यावा, एका बाजूला कॉग, दुसऱ्याला फ्रायव्हील. १५ चा पाना पिशवीत टाका. सायकलवाल्यानं काढलेलं जुनं फ्रायव्हील ‘हे टाकून देऊ ना?’ असं विचारलं, तर पुसून, कागदात गुंडाळून घरी आणा. पहिल्या मोठ्या उतारानंतर चाक उलटं करून ते बसवायला पाच मिनिटं पुरतात. चेन ताणायला आणखी दोन.