तो डोंगर ओसाड नव्हता

आज सकाळी खारघरच्या डोंगरावर वृक्षारोपणाला गेले होते. सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर त्याचीच धामधूम चालली होती. एका कंपनीने टोप्या दिल्या, पाण्याच्या बाटल्या दिल्या, नाश्ता दिला. वर पोचले आणि समोर बॅनर: "ओसाड डोंगर हिरवा करूया!"

जुलै महिना. रात्रभर पाऊस पडून गेलेला. घोट्याच्या वर आलेलं गवत, इतकं हिरवं की डोळे निवावेत. त्या गवतात उभं राहून शंभर माणसं टाळ्या वाजवत होती की हा डोंगर ओसाड आहे.

मग मशीन सुरू झालं. आधी गवत कापून भुईसपाट केलं आणि मग दर दहा पावलांवर एक खड्डा. गवताचे अख्खे ठोंब उपटून बाजूला टाकलेले, मुळं वर, पाती चिखलात. मी एक उचलला. पाती वीतभर असतील नसतील, पण खाली मुळांचा जारवा असा दाट की आत बोट शिरेना. झटकला तरी माती सुटेना. बाजूला कुणीतरी माईकवर सांगत होतं की एक झाड इतके किलो कार्बन शोषतं, म्हणजे आपण आज इतके टन शोषला. माझ्या हातात तो ठोंब तसाच.

मला मामाच्या रानातला खड्डा आठवला.

मेढ्याच्या वरच्या अंगाला माझं आजोळ. मामाचं डोंगरउतारावर गवताचं रान होतं, मारवेल आणि कुसळी. दिवाळीनंतर कापणी, मग भारे डोक्यावरून खाली आणायचे, वर्षभर गुरांची सोय. मी सहावीत होते. शाळेत 'झाडे लावा, झाडे जगवा' नुकतंच शिकवलं होतं. मामा बाजाराला गेला आणि मी पहार घेऊन रानात गेले, आंब्याची कोय लावायला. पहिले काही घाव तर उडालेच, पहार मुळांवरून परत यायची. सबंध दुपार खपून कमरेएवढा रुंद खड्डा केला. वरची हातभर माती काळी, भुसभुशीत, हाताला गार. तिच्याखाली पिवळा मुरूम.

संध्याकाळी मामा आला. ओरडला नाही. उकिडवा बसून उपटलेले ठोंब गोळा करत राहिला.

आंबा दिवाळीपर्यंतही टिकला नाही. खड्डा मात्र टिकला. पुढच्या पावसात पाणी त्यात शिरलं, खालची कड फुटली. तिसऱ्या वर्षी तिथून पुरुषभर लांबीची ओघळ गेली होती. काळी माती कुठेच नव्हती, नुसता मुरूम.

तेव्हा मला वाटलं होतं की माती वाहून गेली, एवढंच. माती म्हणजे काय जातं, हे खूप उशिरा कळलं. झाड आपला बराच कार्बन खोडात, फांद्यांत ठेवतं, फोटोत येईल असा. गवत जवळपास 90 टक्के जमिनीखाली ठेवतं. त्याची बारीक मुळं दरवर्षी मरतात, नवी फुटतात, मेलेली तिथेच मुरतात. मातीचे कण त्यांना धरून बसतात आणि हा साठा शेकडो वर्षं तसाच राहू शकतो. जगभरच्या मातीच्या वरच्या 1 मीटर थरात सुमारे 1500 अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेत आहे त्याहून जास्त! आणि हवेची चिंता करणारे आपण पहिलं काय करतो, तर ती माती उकरतो. उकरली की तिला हवा लागते, जिवाणू जागे होतात, साठवलेलं खाऊन टाकतात आणि तो कार्बन वायू होऊन वर जातो. माझ्या त्या खड्ड्यातून काय उडून गेलं असेल, याचा हिशेब त्या माईकवाल्याकडे आहे का?

उंच, थंड डोंगरांवर तर हे आणखी पक्कं. थंडीत कुजणं मंदावतं, म्हणून मेलेली मुळं साठतच जातात. हिमालयातल्या बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांत, असं होतं आणि निलगिरीच्या माथ्यावर, 2000 मीटरच्या वर, धुक्यातल्या गवताखालीही असंच होतं. तिथली माती काळीभोर असते, पाणी धरून ठेवते, तिच्यातून झरे निघतात. इंग्रजांना तो माथा रिकामा दिसला. ऑस्ट्रेलियातून वॅटल नावाची झाडं आणली, युकॅलिप्टस आणला, स्वातंत्र्यानंतर आपणही तेच लावत सुटलो. आता वॅटल कुणी न लावताच पसरतेय. आणि आपण मराठीत त्या ऑस्ट्रेलियन युकॅलिप्टसला काय म्हणतो? निलगिरी! ज्या डोंगराचं गवत त्याने गिळलं, त्याच डोंगराचं नाव आपण त्याला देऊन टाकलं. उटीला जाऊन त्याच झाडांखाली फोटो काढून आलो आपण. मीसुद्धा.

बुग्यालांवर रात्रीचे तंबू नकोत, असं 2018 मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. गवतासाठी कोर्टात जावं लागतं, कारण सरकारी दप्तरातही गवताळ रानांची नोंद किती ठिकाणी 'पडीक' अशीच आहे.

हो, खारघरचा डोंगर म्हणजे निलगिरी नाही, मान्य. इथे उष्णता आहे, माती पातळ आहे, दोन वितींवर मुरूम लागतो. साठा थोडाच असणार. मग थोडी आहे म्हणून उपसायची का? थोडी आहे म्हणूनच तर जपायची! आणि जिथे जंगल तोडलंय तिथे झाडं लावायलाच हवीत, तेही मान्य. आपल्या सेक्टरमध्ये रस्त्याकडेच्या झाडांची अर्धी आळी रिकामी पडलीत, सिमेंटने बुजवलीत, तिथे लावा ना. तिथे बॅनर नीट दिसत नाही, हीच अडचण आहे का?

चिडचिड होतेय माझी. चहा घेऊन आले.

तुम्ही सगळे माझीच माणसं आहात, म्हणून लिहितेय. खारफुटीसाठी आपण किती वर्षं भांडलो. तेव्हाही लोक म्हणायचे, नुसता चिखल आहे, भराव टाका. 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. आज खाडीकाठचं पोरही सांगतं की खारफुटीचा कार्बन चिखलात असतो. चिखलाबद्दल आपल्याला पटलं, मग गवताबद्दल का पटू नये? पक्षी गुलाबी नाहीत म्हणून?

सकाळी जे आले होते ते वाईट नव्हते. शेजारच्या काकू सत्तरीच्या, गुडघा दुखत असताना चढून आल्या होत्या, रोपाला हात लावून नमस्कार केला त्यांनी. त्यांना मी काय सांगणार होते? त्यांच्यासारखीच मीही एका दुपारी पहार घेऊन गेले होते.

मामाने त्या ओघळीत दर जूनमध्ये दगड रचले. दुसरीकडचे ठोंब आणायचा, ओल्या मातीत ठेवायचा आणि टाचेने दाबायचा. मी कॉलेजात गेले तेव्हा कुठे तिथे गवत धरलं. एकदाच म्हणाला, हसून, "पोरी, तुझी एक दुपार मला सात पावसाळे पुरली." गवत परत आलं, पण वरची काळी माती मामाच्या हयातीत काही परत आली नाही. तो गेल्यानंतर एकदा गेले होते, मुद्दाम हात घालून पाहिला. गवताखाली अजून पिवळंच.

आजचे सगळे खड्डे भरले नाहीत. रोपं कमी पडली, पाऊस वाढला, लोक नाश्ता करून उतरले. निम्मे खड्डे तसेच उघडे आहेत आणि ठोंब बाजूला पडलेत. आज रात्रभर भिजतील, पण उघडीप पडली की मुळं वाळायला वेळ लागणार नाही.

उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. सकाळी सहाला वर जातेय, ते ठोंब परत खड्ड्यांत दाबायला. कुणी येणार असेल तर मेसेज करा. रोपं आणू नका. जुने बूट घाला, टाचेने दाबायचं काम आहे.