कोलेस्टेरॉल गरम पाण्याने वितळत नाही

‘सकाळी गरम पाणी प्या, पेशींत साचलेलं कोलेस्टेरॉल वितळून जाईल’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा चुकीचा आहे. कोलेस्टेरॉल वितळायला सुमारे १४८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पाणी तर १०० अंशांवरच उकळतं! शिवाय कोलेस्टेरॉल म्हणजे काही पेशीत साचलेला मळ नव्हे. बहुतेक कोलेस्टेरॉल पेशीच्या आवरणातच कामाला असतं. रक्तातून एलडीएलसोबत (कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांसोबत) आत आलेलं कोलेस्टेरॉल लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, सुटं होतं आणि एनपीसी-१, एनपीसी-२ ही प्रथिनं ते बाहेर काढतात. यातलं एखादं प्रथिन बिघडलं तर कोलेस्टेरॉल तिथेच अडकतं. निमन-पिक सी हा दुर्मीळ आनुवंशिक आजार त्यातूनच होतो. जास्तीचं कोलेस्टेरॉल मेदाम्लाशी (फॅटी ॲसिडशी) जोडून थेंबांच्या रूपात साठतं आणि लागेल तसं पेशीच ते मोकळं करते. गरम पाणी खुशाल प्या, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नका.